काय वास येतोय?

“काय वास येतोय?” उंबऱ्यावरच थांबून एहसानमामूंनी विचारलं.

अम्रीननं चपला काढल्या, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि मान जराशी पुढं करून श्वास घेतला. मार्गासनीतलं ते घर नुकतंच सारवलेलं होतं.

“शेणाचा. लसणाच्या फोडणीचा. आन् कुणीतरी डोक्याला लई तेल चोपडलंय.”

“आन् गॅस?”

“न्हाई.”

“चल मग.”

घरातल्या बाईनं केसांवरून हात फिरवला आणि ती खुदकन हसली. अम्रीनला मात्र हसू आलं नाही. गेल्या दिवाळीपासून ती हीच परीक्षा देत होती. गॅस एजन्सीच्या यादीतलं कुठलंही घर असो, मामू दारात थांबायचे, विचारायचे, तिनं उत्तर द्यायचं आणि मगच दोघं आत. मग ती टाकीच्या तोंडावर, नळीच्या दोन्ही टोकांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावायची आणि फेसाला बुडबुडे येतात का ते बघत बसायची. एवढं सगळं मन लावून केलं तरी नसरापूरला एजन्सीत परत गेल्यावर मालक हनुमंतशेठनी विचारलं, की मामू मान हलवायचे. “अजून कच्ची हाय, शेठ.”

कच्ची! तिच्यामागून लागलेला वसीम एव्हाना महामार्गाकडच्या वाड्यावस्त्यांवर एकटा फिरत होता. त्याला स्वतःची पिशवी होती, एजन्सीचं नाव लिहिलेला शर्ट होता. वेल्ह्याची लाईन दसऱ्यानंतर कुणाला तरी द्यायची होती आणि अम्रीनला ती हवी होती. इतकी हवी होती, की रात्री झोपेतही ती गुंजवण्यापर्यंतची वळणं घेत असे. पण मामू म्हणजे अम्मीचे चुलतभाऊ. त्यांनीच शेठपाशी शब्द टाकून तिला लावलेलं. पोरगी असली की बायका बिनघोर चुलीपर्यंत येऊ देतात, असं त्यांनी तेव्हा शेठना पटवलं होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

गुंजवण्यात पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. साळूबाईंचं घर गावाच्या टोकाला, मागं भाताचं खाचर. घरात घट बसलेले, त्यामुळं म्हातारी दारातच आडवी आली.

“पाय धुवूनशान आत या. नवरात्र हाय.”

तांब्यातल्या पाण्यानं मामूंनी पाय धुतले आणि पाणी संपलं. सून सोनिया कडेवरचं पोर सावरत आणखी पाणी आणायला मागच्या दारी गेली. मामू पिशवी घेऊन आत गेले. अम्रीन अंगणात ओल्या दगडाशेजारी उभी राहिली. आज परीक्षा चुकली, असं वाटून तिला बरंच वाटलं.

सोनियानं पाणी आणलं, अम्रीननं पाय धुतले आणि उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. ठेवलं ते तिथंच राहिलं.

आत धुपाचा दाट वास होता. त्याच्या खाली, जमिनीलगत, दुसरा वास होता. सडक्या कांद्यासारखा.

मामू ओट्यापाशी उकिडवे बसले होते. टाकीच्या तोंडावर साबणाचा फेस होता आणि तो स्वस्थ होता, एकही बुडबुडा नव्हता.

“झालं बघ,” ते म्हणाले. “ठीक हाय हितं. नळी बी नवी दिसतीय.”

“मामू, वास येतोय.”

त्यांनी वर बघितलं. “धुपाचा असंल.”

“न्हाई. गॅसचा.”

“लई अंधार हाय गं,” साळूबाई मागून म्हणाल्या. “सोनिये, बल्ब लाव.”

“बटनाला हात लावू नका!” अम्रीन ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिचं तिलाच नवं होतं. सोनियाचा हात बटणापाशीच थबकला.

अम्रीननं धावत जाऊन टाकीची चावी बंद केली, मागचं दार सताड उघडलं आणि ती जमिनीवर पालथी पडून वास कुठून येतो ते हुंगू लागली. नळी ओट्याच्या मागून भिंतीकडं गेली होती, तिथून तांदळाच्या कणगीआड. कणगीवर पोतं टाकलेलं. तिनं पोतं उचललं आणि वासाच्या भपक्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकीची रोजची जागा घटाला दिलेली, म्हणून टाकी लांब सरकवली होती; नळी पुरेना म्हणून तिला फवारणीच्या पंपाची नळी जोडली होती आणि जोडावर सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळली होती. नऊ दिवसांचा तर प्रश्न, असं कुणीतरी म्हटलं असणार.

कणगीच्या पलीकडं, हाताच्या अंतरावर, घट होता. त्याच्याशी जमिनीवरच अखंड दिवा तेवत होता.

अम्रीननं वळून मामूंकडं बघितलं. अशा वेळी काय करायचं ते त्यांनीच तिला शंभरदा घोकून घेतलं होतं. ते भिंतीला हात टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक.

“लई हाय का थोडा?” त्यांनी विचारलं.

एरवी विचारायचे त्या सुरात नाही. लहान पोरानं अंधारात विचारावं तसं. त्या स्वयंपाकघरात ज्याला नाक होतं त्याला हा प्रश्न पडलाच नसता. सोनियानं पदर नाकाला लावला होता, तिचं पोरसुद्धा तोंड वेडंवाकडं करत होतं.

“लई,” अम्रीन म्हणाली. मग साळूबाईंना म्हणाली, “आजी, तेवढा दिवा विझवा. पाया पडते.”

“जीभ झडंल तुझी!” म्हातारी दिव्याच्या आडवी झाली. “माझा ल्योक टेम्पोवर हाय. त्याच्या नावानं लावलाय त्यो. हात लावशील तर बघ.”

अम्रीनचे हात होते तिथंच थिजले. आपण कोण, हे घर कुणाचं, ही वेळ कसली, सगळं तिला एकदम समजत होतं आणि समजून काही उपयोग नव्हता. दिवा शांतपणे तेवत होता.

मग सोनियानं कडेवरचं पोर अंगणात नेऊन ठेवलं. परत आली. सासूकडं न बघता ती दिव्याशी वाकली आणि दोन बोटांनी तिनं वात चिमटली.

म्हातारीनं जो हंबरडा फोडला, तो खाचराच्या पलीकडल्या घरांना ऐकू गेला असावा.

पुढचं काम मामूंनी केलं. वास पुरता गेल्याचं अम्रीननं सांगितल्यावर जोडाची नळी काढून टाकली, लांब नवी नळी घातली, जोड तपासले. साळूबाई अंगणात बसून अम्रीनला शिव्या घालत होत्या, अवदसा म्हणत होत्या. मामू त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून बसले.

“मावशी, पोरीचा काय दोष न्हाई. म्या सांगितलं तिला. शिव्या घालायच्या तर मला घाला.”

म्हातारीनं त्यांना घातल्या. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या.

परतताना धरणाच्या वळणावर सर आली. आडोसा नव्हता. मामूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोघं नुसतीच भिजत उभी राहिली.

“कोरोनात गेला,” शेवटी मामू म्हणाले. “म्हटलं येईल परत. डॉक्टर बी म्हनले येईल. आता बिर्याणी काय आन् भुसा काय, मला सारखाच.”

“मामींना ठावं हाय?”

“न्हाई. मीठ जास्त झालं तर सांगतो कधी कधी. अंदाजानं.”

अम्रीनला राग आला होता, खरा राग. घराघराच्या उंबऱ्यावर तिनं जी उत्तरं दिली ती परीक्षेची नव्हती. तिला कच्ची कच्ची म्हणत त्यांनी तिचं नाक वापरलं होतं. हे सगळं तिला तोंडावर फेकून द्यायचं होतं. पण समोर छप्पन्न वर्षांचा माणूस भिजत उभा होता, ज्याला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं, ज्याच्या लेकीचा, शाहिस्ताचा, निकाह ठरलेला होता आणि ज्यानं मघाशी तिच्यासाठी शिव्या खाल्ल्या होत्या.

“चला,” ती म्हणाली. “सर्दी व्हईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी दोघांनाही टेबलापाशी बोलावलं. गुंजवण्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, अर्थात चांगल्या बाजूनं.

“एहसान, पोरगी तयार झाली की तुझी! वेल्ह्याची लाईन हिला देऊन टाकू. तू एकटा भोरची बघ. काय?”

मामू खिडकीबाहेर बघत होते. “तयार हाय, शेठ,” ते म्हणाले. आवाज अगदी नीट होता. “माझ्यापेक्षा तयार हाय.”

वेल्हे. ती वळणं. आणि इकडं भोरच्या गल्ल्यांतून एकेका उंबऱ्यावर मामू एकटे. कुणाला विचारणार?

“शेठ,” ती म्हणाली, “वास धरायचं मशीन मिळतं म्हणे. एकेक घेतलं तर?”

शेठ हसले. “देवानं नाक फुकट दिलंय की! मशीन कशाला?”

सांगून टाकावं, असं वाटलं तिला. दोन शब्दांचं काम होतं. सांगितलं असतं तर मामू संध्याकाळपर्यंत घरी बसले असते. आणि न सांगता वेल्ह्याला गेली, तर एखाद्या दिवशी एखादं घर... तिनं दोन्ही वाटा पुढपर्यंत जाऊन बघितल्या आणि ती मागं फिरली.

“मला न्हाई जमायचं, शेठ,” ती म्हणाली. “काल लई घाबरले म्या. अजून शिकायला पायजे.”

शेठनी तिच्याकडं बघितलं, मग मामूंकडं. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “पोरीच्या जातीला अवघडच हे. वसीमला बोलाव रे कुणीतरी.”

मामू पिशवीतली साबणाची बाटली काढून तिचं घट्ट असलेलं झाकण पुन्हा घट्ट करत बसले.

भोरमध्ये राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर पहिलं होतं. मामू नेहमीसारखे उंबऱ्यावर थांबले. त्यांनी विचारलं नाही. नुसते थांबले, दाराच्या चौकटीकडं बघत. आतून एक बाई पीठभरल्या हातांनी पुढं आली. तिच्या मागं शेगडी पेटलेली दिसत होती.

अम्रीननं मान पुढं करून श्वास घेतला. काहीच आलं नाही. तिनं रुमालानं नाक शिंकरलं आणि पुन्हा जोरात घेतला. कालची सर अंगावर आली होती. सकाळपासून शिंका होत्याच. आता दोन्ही नाकपुड्या गच्च बंद होत्या.

“या की आत,” बाई म्हणाली. “थांबलात का?”

मामूंनी हळूच अम्रीनकडं बघितलं. तिनं त्यांच्याकडं बघणं टाळलं. चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि जमेल तितक्या सहज आवाजात त्या बाईला म्हणाली, “ताई, काय वास येतोय?”