मेकुरियाकाकांच्या गाडीचे अश्रू

मेकुरियाकाका गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला दीडशे माणूस जमलं होतं आणि त्या दीडशे माणसांदेखत काकांची गाडी रडायला लागली. गाडी म्हणजे त्यांची जुनी निळी बीटल, इंजिन मागच्या बाजूला असलेली. तीस वर्षं त्यांनी ती चालवली आणि ते गेल्यापासून ती अंगणात उभी होती. मांडवाला जागा हवी म्हणून कुणीतरी ती चालू करून भिंतीकडे नेली, बंद केली, आणि मागून थेंब पडू लागले.

“अगं बाई, गाडीच्या डोळ्यांना पाणी!” शेजारची बाई किंचाळली.

गाडीचे डोळे पुढे असतात आणि थेंब मागून पडत होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आबा सिराक ताटावरून उठला. आबा आम्ही पाद्र्याला म्हणतो, पण हा आबा कुठल्याच चर्चचा नव्हता. जिथे जेवण तिथे तो. त्याने थेंबात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

“चाळीस दिवस जीव घुटमळतो,” तो डोळे मिटून म्हणाला. “आज मेकुरिया निरोप घ्यायला आलाय. वास घ्या लोकहो! हा वास या पृथ्वीवरचा आहे का?”

वास पेट्रोलचा होता. माझं अख्खं आयुष्य त्या वासात गेलंय. मी झेलेके, कोपऱ्यावरचा मेकॅनिक. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण त्या गाडीच्या कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागाला, शेवटचा हात माझा लागला होता. आमच्याकडे कॉफीचे तीन पेले पिऊनच उठतात, मी तिसरा न पिताच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक अश्रू भरून न्यायला औषधाच्या बाटल्या धुऊन घेऊन आले होते. आबा आधी इंजिन दोन मिनिटं चालू करायचा, ‘जीवाला जागं’ करायला. मागून भसाभसा काळा धूर निघायचा.

“हे पाप जळतंय,” आबा सांगायचा. मग इंजिन बंद, आणि अश्रू सुरू.

“एवढं पाप होतं मेकुरियाकाकांकडे?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“त्यांचं नाही, तुमचं!” आबा गरजला. म्हातारा दोन पावलं मागे सरकला आणि त्याने आबाने पैशांसाठी अंथरलेल्या चटईवर आणखी एक नोट टाकली. मी फाटकाशी उभा राहून हे पाहिलं आणि परत फिरलो. याची आजही लाज वाटते.

काकांची नात हेरान सहा वर्षांची. तिची आई परदेशात कामाला, त्यामुळे आजी, म्हणजे काकांची बायको अत्सेदेकाकू, हीच तिचं सगळं. पोरीचा खोकला महिनाभर थांबत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं की आबाने तिला तीन चमचे अश्रू पाजायला सांगितलेत. मी हातातला पाना टाकून धावलो.

पोरगी आजीच्या मांडीवर होती. एक चमचा पोटात गेला होता. ती खोकत होती, श्वास वरवर चालला होता, ओठ निळे पडले होते. गाडीखाली ओलं थारोळं साचलं होतं आणि त्यापासून हातभर अंतरावर कॉफीची शेगडी धगधगत होती. शेजारी धूप जळत होता.

मी आधी शेगडी उचलून रस्त्यापलीकडे नेली, धूप विझवला. मग अत्सेदेकाकूंच्या हातातला दुसरा चमचा काढून घेतला.

“हात लावू नकोस!” आबा ओरडला. “रोग बाहेर पडतोय!”

“काकू, हिला दवाखान्यात न्या. ते पेट्रोल आहे. छातीत उतरलं तर पोर हातची जाईल.”

“झेलेके, तू बाजूला हो,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज दगडासारखा होता. “मरताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आता बोलतायत, तर तू मध्ये येऊ नकोस.”

मी गाडीचं मागचं झाकण उघडलं, कार्बोरेटरचे स्क्रू काढले आणि आतली पितळी पोकळ डबी बाहेर ओढली. हा फ्लोट. पेट्रोल चढलं की हा तरंगून वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. तो मी पुसला आणि काकूंच्या कानाशी हलवला.

“ऐका, काकू.”

आत पेट्रोल डुचमळत होतं.

“या डबीला भोक आहे. डबी भरली, बुडाली, वाट उघडीच राहिली. पेट्रोल वाहतंय. धूर काळा का, तर पेट्रोल जास्त जळतंय म्हणून. आणि हे भोक मी बुजवलं होतं. काका आजारी पडायच्या आधी. साबणाने.”

गळकी टाकी साबण चोळून बंद करतात, तो आमच्या धंद्यातला नेहमीचाच जुगाड. दोन दिवसांत नवा फ्लोट आणतो म्हणून मी काकांना शब्द दिला होता. काका गेले, साबण वाळून तडकला, आणि मी विसरलो.

काकूंनी फ्लोट हातात घेतला. भोकाशी हिरवा खडा चिकटलेला होता.

“हा माझा साबण,” त्या हळूच म्हणाल्या. “धुण्याच्या दगडावरून तू तुकडा मागून नेला होतास.”

आबा काहीतरी पुटपुटला, साबणातही पावित्र्य असतं असं काहीसं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला खांद्यावर टाकून त्या अनवाणी रस्त्यावर धावल्या.

हेरान अकरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण चढ चढताना तिला अजून धाप लागते. आबा त्याच दुपारी चटईसकट गायब झाला. लोकांसमोर मी तो फ्लोट ऊन पाण्यात बुडवून भोकातून येणारे बुडबुडे दाखवले. बरेचजण मान हलवत गेले. काहींनी बाटल्या तरीही घरी नेल्या.

मी नवा फ्लोट बसवला तेव्हा काकूंनी स्वतः वाकून गाडीखाली हात फिरवला. हात कोरडा निघाला.

“ते रडतायत असं वाटलं होतं रे,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी का नाही बोललास?”

आबाने खोटं सांगितलं, पण खरं दडवून त्याला तीन दिवस मी दिले. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो: काही वाहताना दिसलं तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून पाहा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने, चूक स्वतःची असली तरी, पहिल्या थेंबाला बोलावं.