मधलं बोट

भाऊंनी तळवा आडवा धरून हात थांबवला, तसा क्रेनला टांगलेला सळ्यांचा भारा जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर अधांतरी थांबला. दोघा मजुरांनी पुढे होऊन भाऱ्याची टोकं धरली, तो लाकडी ठोकळ्यांवर सरळ केला आणि ते मागे सरले. भाऊंनी हात खाली करून बोटांची हळूहळू उघडझाप केली. भारा टेकला. पट्टे सुटले, हूक मोकळा झाला आणि भाऊंनी तर्जनी गोल फिरवत तो वर पाठवून दिला. दिवसातली शेवटची उचल होती ती. भोंगा वाजला.

मजूर हेल्मेटं काढत नळाकडे निघाले. भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. क्रेनच्या केबिनकडे मान वर करून त्यांनी उजवा हात उंच धरला, मूठ आवळली आणि मधलं बोट ताठ उभं केलं. हातमोजा नारिंगी होता, लांबूनही इशारा दिसावा म्हणून कंपनीने दिलेला. त्यामुळे बोटही लांबूनच दिसायचं.

रोज या वेळी केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा आणि तसंच बोट दाखवायचा. आज आला नाही. कालही आला नव्हता. काल भाऊंनी मनाशी म्हटलं होतं, बघितलं नसेल. आज तसं म्हणायलाही जागा नव्हती, कारण खिडकीत हालचाल दिसत होती. ऑपरेटर डबा-बाटली आवरत होता. भाऊंनी बोट तसंच धरून ठेवलं आणि खांदा भरून आला तेव्हा हात खाली घेतला.

वाईट वाटलं असं नाही. बायको गेल्यापासून त्यांना कशाचं वाईट वाटत नव्हतं, आणि बरंही वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायचे, झोप नसली तरी आडवे व्हायचे. लग्न होऊन गेलेली मुलगी रविवारी फोन करायची. बरे आहात ना, म्हणून विचारायची. ते हो म्हणायचे आणि मग दोघं थोडा वेळ हवापाण्याविषयी बोलायचे. फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली ते आठवायचं नाही. कामात मात्र चूक नव्हती. हात आपले आपण चालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेफ्टी मॅडमनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. ऑफिस म्हणजे पत्र्याचा एक कंटेनर, त्यात दोन टेबलं, भिंतीवर खुंट्यांना पाहुण्यांसाठीची पांढरी हेल्मेटं आणि कुरकुरणारा एसी. मॅडम भाऊंच्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी भाऊंना बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं आणि काही वेळ पेनाच्या टोपणाशी चाळा केला. मग म्हणाल्या की तक्रार आली आहे. तुम्ही कामावर अश्लील खूण करता अशी.

भाऊंना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते हसले. खरं तर ओठच हलले नुसते.

"ते होय? ते आमचं दोघांचं आहे. माझं आणि ऑपरेटरचं."

"त्या बोटाचा अर्थ काय होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"तो काय, सगळ्यांनाच माहीत असतो."

"मग?"

"आमच्यात तसा होत नाही."

मॅडमनी, हे सुरू कसं झालं, म्हणून विचारलं. भाऊंनी सांगितलं. मागच्याच्या मागची साइट. ऑपरेटर तेव्हा नवीन होता. काँक्रीटने भरलेली बादली त्याने अशी काही झोकात आणली की ती भाऊंच्या डोक्यावरून गेली, हेल्मेटला वारा लागला. भाऊ भीतीने पांढरेफटक पडले होते. शिवी देऊनही ती वर ऐकू जाणार नव्हती. वॉकीटॉकी होते, पण मिक्सरच्या आवाजात त्यांतलं निम्मं विरून जायचं. म्हणून बोट दाखवलं. क्षणभराने वरूनही बोट आलं. बस्, तेव्हापासून रोज सुट्टीच्या वेळी. नवी साइट आली, क्रेन बदलली, हे काही बदललं नाही. तोही हसला होता तेव्हा, भाऊ म्हणाले.

"एवढ्या लांबून दिसलं तुम्हाला?"

"दिसायला कशाला लागतं?"

मॅडमनी समजुतीच्या सुरात सांगितलं की पुन्हा असं झालं तर तुम्हाला इशाऱ्याच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवावं लागेल, माझाही नाइलाज होईल. तक्रार कुणाची ते त्या सांगणार नव्हत्या. फक्त भाऊ उठले तेव्हा म्हणाल्या, "ज्यांनी केली, त्यांनीच सांगितलंय की भाऊंना काढू नका. नुसतं थांबवायला सांगा."

भाऊंनी मान हलवली आणि बाहेर आले. नवा इंजिनिअर, त्यांनी मनात ठरवून टाकलं. इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर येणारा, मजुरांनी थुंकलेलं बघून नाक मुरडणारा. वर ही मेहरबानी की काढू नका.

एक गोष्ट त्यांनी मॅडमना सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच. बायकोचं सगळं आटोपून ते कामावर परतले, त्या सकाळी जो तो येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. मुकादमाने ठेवला, वेल्डरने ठेवला, गेटवरच्या वॉचमननेही ठेवला. खांद्यावर हात पडल्याचं त्यांना समजत होतं, पण तो खांदा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मग ते हूकखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघितलं. खिडकीतून हात बाहेर आला होता. सकाळची वेळ, अजून पहिली उचलही झालेली नव्हती, आणि वरून आपण होऊन बोट दाखवलेलं. तसं आधी कधी झालं नव्हतं, सुरुवात नेहमी भाऊंकडून व्हायची. त्यांनीही हात वर केला, आणि छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हललं. हसू असावं. नंतरच्या सगळ्या दिवसांत असं कधी हललं असेल तर संध्याकाळी, त्या एका क्षणापुरतं. बाकीचा दिवस त्या क्षणापर्यंत पोचण्यासाठी होता असं कुणी म्हटलं असतं, तर भाऊंनी ते खोडून काढलं नसतं.

त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं काम केलं. सळ्या, प्लायवूडच्या फळ्या, विटांनी भरलेले लोखंडी पाळणे. भोंगा वाजल्यावर हात खालीच ठेवला. मग नळाकडे न जाता क्रेनच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी थांबले नव्हते. ऑपरेटर सकाळी सगळ्यांच्या आधी वर चढायचा, डबा वरच खायचा आणि उतरेपर्यंत खालची माणसं पांगलेली असायची.

लोखंडी शिडीवरून तो पायरी पायरी खाली येत होता. मधल्या फलाटावर थांबून दम खात होता. खाली पोचल्यावर भाऊंना बघून त्याने कमरेच्या सेफ्टी पट्ट्याची कडी सोडवायला जरा जास्तच वेळ लावला. जवळून तो भाऊंना वाटत होता त्याहून लहानखुरा दिसला. कानशिलांवरचे केस पिकले होते.

"आपल्या दोघांवर तक्रार गेलीय," भाऊ म्हणाले. "बोटावरून. तुला बोलावलं का मॅडमनी? तो नवा इंजिनिअर असणार, बघ तू."

ऑपरेटरने कडी काढून पट्टा खांद्यावर टाकला.

"इंजिनिअर नाही, भाऊ. मी केली."

पलीकडे कुणीतरी मिक्सर धूत होतं. भाऊंना वाटलं, त्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी ऑपरेटरच्या तोंडाकडे बघितलं आणि चुकीचं ऐकलं नव्हतं हे त्यांना कळलं.

मग ऑपरेटरने खाली बघत सगळं सांगितलं. शनिवारी त्याची बायको मुलीला घेऊन गेटवर आली होती, मुलीला शाळेचे बूट घ्यायचे होते. सुट्टी होईपर्यंत दोघी जाळीशी उभ्या राहिल्या. बाबा तिथे वर, म्हणून आई लेकीला दाखवत होती. तेवढ्यात खाली उभ्या असलेल्या एका माणसाने बाबाला बोट दाखवलं. बाबानेही दाखवलं. बुटांच्या दुकानात मुलीने विचारलं, तो माणूस तुम्हाला असं का करतो? तो म्हणाला, मस्करी करतो. सोमवारी तिने वर्गात मैत्रिणीला बोट दाखवलं. ती मैत्रीण रडली. बाईंनी हिला दिवसभर बाकावर उभं केलं आणि संध्याकाळी आईबापांना बोलावून घेतलं. मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली की मी मस्करी केली, बाबाच म्हणाले ही मस्करी असते.

"बाई माझ्याकडे बघत होत्या," ऑपरेटर म्हणाला. "मला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. घरी येताना ती विचारते, मस्करी होती तर ती रडली कशाला? मी काय सांगू?"

पोर लहान आहे, विसरून जाईल, असं काहीतरी भाऊंच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आणि मस्करी नव्हतीच ती," ऑपरेटर म्हणाला. "माझ्यासाठी नव्हती. रोज उतरताना डोक्यात तेच असायचं. दिवसभर राबायचं आणि शेवटी हे बघून घरी जायचं."

"मग तू का दाखवायचास?"

"तुम्ही दाखवायचात म्हणून."

"हे काय कारण झालं?"

ऑपरेटरने पहिल्यांदा वर बघितलं. "भाऊ, मला निम्म्या वेळा लोड दिसत नाही. तुमचा हात दिसतो. तो थांब म्हणाला की थांबायचं, सोड म्हणाला की सोडायचं. खाली माणसं असतात. ज्याच्या हातावर माझं सगळं, त्याच्याशी वाकड्यात शिरून मी काय करू?"

"मी कधी तुला चुकीचा हात दिला असता?"

"नसता दिला. पण ते मला तिथून काय कळणार? तिथून तोंड कुठे दिसतं?"

मिक्सर धुऊन झाला असावा. एकदम शांत झालं आणि दोघांचेही आवाज फार मोठे वाटू लागले. भाऊ हळू आवाजात म्हणाले की एकदा बोलायचं होतंस, एका शब्दाने. ऑपरेटर म्हणाला, बोलायचं बऱ्याचदा मनात आलं, पण साधी मस्करी कळत नाही म्हणून तुम्हीच हसला असता. तुम्ही नाही तर बाकीचे. भाऊंनी आठवून बघितलं. हसलो असतो, त्यांच्या मनात आलं. वर चार जणांना सांगितलंही असतं.

आणखी एक विचारायचं राहिलं होतं. ते विचारू नये हे त्यांना समजत होतं, तरी विचारलं.

"एकदा तू आधी दाखवलं होतंस. माझ्याही आधी. मी परत कामावर आलो तेव्हा. सकाळी."

ऑपरेटरने कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, तेही दिसत होतं.

"असेल," तो म्हणाला. "आठवत नाही, भाऊ."

"असू दे."

भाऊंनी हातमोजे काढले आणि एकात एक घालून मुडपले. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ती ऊब मानेवरून खाली उतरली, पोटात आली आणि तिथेच राहिली. लाज होती ती. इतक्या दिवसांनी काहीतरी जाणवलं, आणि ते हे. तरी ती जावी असं त्यांना वाटेना. ते तसेच उभे राहिले, गरम भांडं हातात धरून कुठे ठेवावं ते कळत नसलेल्या माणसासारखे.

ऑपरेटर निघायचा थांबला होता. बहुधा शिव्या खायच्या तयारीने. भाऊंनी घसा साफ केला.

"उद्या मागच्या बाजूला काचा घ्यायच्या आहेत," ते म्हणाले. "तुम्हाला वरून काहीच दिसणार नाही. मी कोपऱ्यावर उभा राहीन. सावकाश घेऊ."

ऑपरेटरने काखेतलं हेल्मेट उगाच दुसऱ्या काखेत घेतलं. त्याने भाऊंच्या तोंडाकडे नीट बघितलं, ते ‘तुम्हाला’ आपण बरोबर ऐकलं ना हे ताडत असल्यासारखं. मग मान डोलावली आणि गेटकडे चालू लागला. थोडं पुढे जाऊन थांबला. वळला नाही, पण थांबून राहिला.

तो आपल्यासाठी थांबलाय हे भाऊंना कळायला वेळ लागला. मग ते त्याच्या मागोमाग निघाले.