खांद्यावरचा काळा पंजा

मालक, तो भूत काढणारा बाबा कारखान्यात आपल्या पायांनी आला नव्हता, तुमच्या गाडीतून उतरला होता. लेथवर राबणारा माणूस हे तुम्हाला उघड लिहितोय.

माझा जोडीदार प्रेस मशीनखाली चिरडून मेला. पाचव्या दिवशी बाबाने शेडमध्ये पडदा लावला आणि महिन्यापूर्वीचा कामगारांचा ग्रुप फोटो मोठा करून दाखवला. दोनशे माणसं गारठली. मेलेल्याच्या मागे अंधारात काळं तोंड, खांद्यावर काळा पंजा!

"कॅमेरा खोटं बोलत नाही," बाबा गुरगुरला. "ही त्याच्या बायकोने सोडलेली सावली!"

त्याची बायको इथेच पॅकिंगला कामाला. सख्ख्या दिराने तिला केसांना धरून फरफटत आणलं. "माझा भाऊ खाल्लास!" पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात दात पडला. मी मध्ये पडलो, तर माझ्या बरगडीत पाना बसला.

"हात प्रेसखाली ठेवा," बाबा म्हणाला. "निर्दोष असेल तर मशीन आपणहून थांबेल."

वा रे न्याय! चौघांनी तिचा हात साच्यावर दाबला. एकजण बटणाकडे सरकला.

"थांबा रे मुडद्यांनो!" तो ग्रुप फोटो काढणारी स्टुडिओवाली लॅपटॉप घेऊन गर्दीत घुसली. मीच तिला फोन केला होता. "मूळ फोटो माझ्याकडे आहे. तो बघा आणि मग काय चिरडायचं ते चिरडा."

"दाखव," दीर म्हणाला. हात त्याने सोडला नाही.

"शेडमध्ये अंधार होता, म्हणून मी दोन्ही फाइली ठेवल्या. तुम्हाला पाठवली ती जेपेग, म्हणजे हलकी. ती बनवताना अंधारातले बारकावे फेकून दिले जातात. दुसरी रॉ. भिंगातून आलेलं सगळं तिच्यात राहतं."

"रॉ म्हणजे कच्ची!" बाबा खिदळला. "कच्च्यावर भरवसा ठेवता?"

तिने रॉ फाइल उजळली. काळं तोंड विरघळलं. खुंटीवर कातडी एप्रन, वर टोपी, खाली लोंबणारा हातमोजा. मग तिने हलकी फाइल घेतली, काळी केली, पुन्हा पुन्हा सेव्ह केली. अंधाराचे चौकोन झाले, आणि चौकोनांतून आमच्या डोळ्यांदेखत तेच भूत उगवलं.

"आणखी भुतं हवीत? पाहिजे तेवढी काढून देते."

दिराची पकड सुटली. "वहिनी..." म्हणत त्याने तिचा हात साच्यावरून बाजूला घेतला.

जमाव बाबावर धावला. मयताच्या बायकोनेच रक्त थुंकत अडवलं. "त्याला मारू नका. पडद्यावर बघा. एप्रनखाली काय टेकवलंय?"

प्रेसची संरक्षक जाळी. काढून भिंतीला लावलेली, अपघाताच्या महिनाभर आधी!

मित्रांनो, भूत दाखवणाऱ्याकडे आधी मूळ फाइल मागा. हात उचलण्याआधी डोकं चालवा.

आणि मालक, तुम्ही पोलिसांना दिलेल्या जबाबात लिहिलंय, 'जाळी मयताने त्याच सकाळी काढली.' मग ती महिनाभर आधी कुणाच्या हुकुमाने निघाली? त्याच्या बायकोसमोर उभे राहा आणि सांगा.