लेबल सुटलंय

"सर, लेबल सुटलंय जरा," मी म्हणाले आणि औषधांच्या खिडकीवर ठेवलेली दोन्ही पाकिटं उचलून परत त्यांच्या टेबलावर नेली.

खिडकीपलीकडे एक आजी हात पुढे करून उभ्या होत्या. तो हात तसाच राहिला. सरांनी पाकिटं डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ नेली. एकात सांधेदुखीच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला देतात त्या व्हिटॅमिनच्या. दोन्ही पिवळ्या आणि शर्टाच्या बटणापेक्षा लहान. व्हिटॅमिनची रोज एक घ्यायची, सांधेदुखीची आठवड्यातून एकदा. एकदा म्हणजे एकदाच. ती चुकून रोज घेतली तर आधी तोंडात फोड येतात, मग अंगातलं रक्त कमी होतं, आणि आजींच्या वयाचं माणूस त्यातून उठेलच असं सांगता येत नाही. सरांनी 'रोज एक' ही पट्टी नेमकी सांधेदुखीच्या पाकिटावर लावली होती.

"खरंच की," सर म्हणाले. "सुटलंय."

त्यांनी नवीन पट्ट्या छापल्या, मी त्या लावल्या आणि आजींना दोन्ही पाकिटं सावकाश वाचून दाखवली. आजींनी त्यातलं निम्मं ऐकलं. "तुम्ही चांगला डिंक का नाही हो वापरत?" असं विचारून त्या निघून गेल्या.

आमच्या दवाखान्यात डिंक बंद होऊन पंधरा वर्षं झाली. लेबलं आता मशीनमधून येतात आणि अशी चिकटतात की नखानं खरवडली तरी निघत नाहीत. पण 'लेबल सुटलंय' हे आमच्यात राहून गेलं. त्याचा अर्थ फक्त सरांना आणि मला माहीत होता. तो असा, की तुमची चूक झालीय, आणि बाहेरच्याला ती कळता कामा नये.

हे शब्द सरांचे. एकवीस वर्षांपूर्वी मी या खिडकीमागे बाटल्या धुवायला लागले, तेव्हा सर फार्मासिस्ट होते आणि मला धड औषधाचं नावही वाचता येत नव्हतं. बाटल्या धुता धुता खोकी उघडायला लागले, खोकी उघडता उघडता गोळ्या मोजायला लागले. एकदा मी कोणाला तरी पंधराऐवजी पन्नास गोळ्या बांधून दिल्या. बाहेर वीस माणसं उभी. सर शांतपणे म्हणाले, "ताई, याचं लेबल सुटलंय जरा, आत आणा." आत नेऊन मात्र त्यांनी मला असं फैलावर घेतलं की मी दुपारी जेवले नाही. पण खिडकीवर माझी मान खाली गेली नव्हती. त्या एका गोष्टीसाठी मी सरांना कधी विसरणार नाही.

वाचायलाही त्यांनीच शिकवलं. गोळी उचलताना नाव वाचा, भरताना वाचा, डबा परत ठेवताना वाचा. मी म्हणायचे, सर, देवाचं नाव इतक्यांदा घेतलं असतं तर स्वर्गात जागा मिळाली असती. ते म्हणायचे, तिथे फार्मसी नाही, तुम्ही काय करणार?

मग तीन वर्षांपूर्वी पत्र आलं. यापुढे नुसत्या अनुभवावर औषध हाताळता येणार नाही. टेक्निशियन म्हणून काम करायचं तर कोर्स, परीक्षा आणि रजिस्ट्रेशन हवं. नाहीतर परत खोकी उचला. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. मुलगी बारावीला आणि आई फर्स्ट इयरला, अशी आमच्या घराची अवस्था झाली. स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर आम्ही दोघी अभ्यासाला बसायचो. नवरा कुकरच्या शिट्ट्या मोजायचा आणि हमखास चुकवायचा. मुलगी माझे प्रश्न घ्यायची आणि उत्तर चुकलं की माझ्याच आवाजात म्हणायची, "लक्ष कुठंय तुझं?" पहिल्या खेपेला गणितात नापास झाले. दुसऱ्या खेपेला पास झाले. रजिस्ट्रेशनचा नंबर आला त्या दिवशी सरांनी तो आपल्या हातानं माझ्या कोटाच्या खिशावर पट्टी लावून चिकटवला आणि म्हणाले, "आता माझ्या सहीमागे लपायचं नाही."

त्याचा खरा अर्थ मला आजी आल्या त्याच आठवड्याच्या सोमवारी कळला. सोमवारपासून नवा नियम सुरू झाला. चिठ्ठी फार्मासिस्टनं बघायची आणि औषध भरायचं; शेवटची तपासणी टेक्निशियनची, तिच्या सहीनं. ज्यानं भरलं त्यानं तपासायचं नाही. आणि तपासताना जी चूक सापडेल ती एका निळ्या वहीत लिहायची. काय चुकलं, कोणाकडून, कशामुळे. शिक्षेसाठी नाही, सुधारणेसाठी, असं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. शिक्षेच्या वह्यांवरसुद्धा असंच लिहिलेलं असतं, असं मला वाटतं.

आजींची पाकिटं बुधवारची. निळी वही माझ्या कोपराशी पडलेली होती. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

सरांच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते. घरी कोणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी आमच्या आधी येऊन ते शटर वर करायचे आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी जायचे. त्यांना खिडकीवरून उठवलं असतं, तर त्यांनी दिवसभर काय केलं असतं, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. आणि वहीत ही चूक लिहिली तर त्यांना उठवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

रात्रीची भांडी घासताना मी मुलीला सगळं सांगितलं. ती आता नर्सिंगला आहे, त्यामुळे तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

"पहिल्यांदा झालं का असं?" तिनं विचारलं.

"नाही."

"कितव्यांदा?"

मी नळ बंद केला. "बारावी वेळ. दीड वर्षात."

"तू मोजलंयस?"

"आपोआप मोजलं जातं गं. मोजायचीच नोकरी आहे माझी."

तिनं घासलेलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "आई, मागच्या महिन्यात मला ताप होता तेव्हा तू तीन दिवस घरी होतीस. त्या तीन दिवसांत लेबल सुटलं असेल तर ते कोणी बघितलं?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की मी सरांना सांभाळतेय. पण सांभाळलं जात होतं ते फक्त मी हजर असेपर्यंत. बारा वेळा मी गोड बोलून पाकीट परत दिलं आणि बारा वेळा मला फार बरं वाटलं, या गोष्टीची मला लाज वाटली.

गुरुवारी शटर उघडल्याबरोबर मी निळी वही ओढली आणि लिहायला बसले. तारीख लिहिली, वेळ लिहिली. काय चुकलं, या रकान्याशी हात अडला. शेवटी लिहिलं, 'दोन पाकिटांवरची लेबले सुटली होती. पुन्हा लावली.' कोणाकडून, तिथे एक रेघ मारली. खाली सही केली आणि वही सरांसमोर ठेवली.

सरांनी खिशातून भिंग काढलं. हे भिंग मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. ओळीवरून भिंग फिरवत त्यांनी सगळं वाचलं.

"हे काय लिहिलंत?"

मी काउंटर पुसायला घेतला.

"ताई, हे खोटं आहे. लेबल सुटलं नव्हतं, चुकीचं लागलं होतं. उद्या ही वही कोणी वाचली तर तो डिंक बदलेल." त्यांनी पेन घेतलं, माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहायला लागले. अक्षरं रेषेवरून घसरून खालच्या रकान्यात गेली. ते थांबले आणि पेन माझ्याकडे दिलं. "तुम्ही लिहा, मी सांगतो."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोन लेबलांची अदलाबदल. कोणाकडून, फार्मासिस्ट. कशामुळे, या रकान्यावर ते जरा थांबले आणि मग म्हणाले, "काचबिंदू लिहा. दोन्ही डोळे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. थेंब घालतो. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणतो, म्हणजे इथे कोणाला कळायला नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "सर, दुसऱ्या टोकाला कशाला गेलात? मला सांगायचं होतं."

"तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?" ते म्हणाले. "आधी किती वेळा झालं?"

"ही धरून बारा वेळा."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना दोन-तीन वाटल्या असाव्यात. खिडकीबाहेर टोकन घेऊन माणसं जमायला लागली होती, कोणीतरी काचेवर टकटक केली. सर बसूनच राहिले.

"मी एकवीस वर्षं तुम्हाला वाचायला शिकवलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला वाचून दाखवलं नाहीत."



मग मी त्यांना माझ्या दीड वर्षातल्या एकमेव रजेच्या तीन दिवसांचं सांगितलं. ते ताडकन उठले. स्वतःच दवाखान्याच्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले, निळी वही घेऊन गेले. दहा मिनिटांनी परत आले आणि कोट काढून खुंटीला लावला. खिडकीवर दुसऱ्या विभागातली एक मुलगी आली. सर आतल्या खोलीत फोनजवळ बसले, समोर त्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या. एकूण एकशे सहा. मोकळी होईन तेव्हा मी त्यांना नंबर वाचून द्यायचे आणि ते एकेकाला फोन लावायचे. "औषध जवळ आहे का? पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. गोळी कशी दिसते ते सांगा. सावकाश, मला घाई नाही." दोन दिवस हेच चाललं. एका म्हातारबुवांनी फार्मसीतून कधी फोन येत नाही म्हणून त्यांना चोर ठरवलं आणि ठेवून दिला. सरांनी पुन्हा लावला. चार माणसं फोनवर सापडली नाहीत, त्यांच्या घरी ते बसनं जाऊन आले. एकाचंही लेबल चुकलेलं नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं आणि पाणी मागितलं.

त्यानंतर ते रजेवर गेले आणि रजेतूनच निवृत्त होणार असं ठरलं. मी दोनदा फोन केला. "ठीक आहे, ताई," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं एका सकाळी मी त्रेसष्ट नंबर पुकारला आणि खिडकीत सर आले. साधा चौकड्यांचा शर्ट, हातात टोकन. पाऊण तास ते बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला गर्दीत दिसले नव्हते.

"अहो सर, आत या ना," मी म्हणाले. "तुम्हाला लाईन कशाला?"

"मागे माणसं आहेत, ताई. तुम्ही काम करा."

नव्या मुलीनं थेंबांच्या बाटलीला लेबल लावून ती माझ्याकडे सरकवली. मी चिठ्ठी बघितली, बाटली बघितली, तारीख बघितली. औषध हातात देण्याआधी माणसाला त्याचं पूर्ण नाव विचारायचं आणि लेबलशी ताडून बघायचं, असा नियम आहे. सख्खा भाऊ असला तरी विचारायचं. मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. एकवीस वर्षांत मी त्यांना सर सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

ते थांबले होते. "विचारा," ते हळूच म्हणाले.

"नाव सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, शाळेत हजेरीला उभं राहून सांगावं तसं स्पष्ट. मी लेबलावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही करून बाटली त्यांच्या हातात दिली.