छत्रीच्या पट्टीची तिसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी शब्दपट्टी आहे. वर छत्रीचे चित्र, खाली तीन वाक्ये. पहिले नवशिक्यांसाठी, ठळक अक्षरांत: 'ही छत्री आहे.' दुसरे जरा पुढच्यांसाठी: 'आजोबांची छत्री वाऱ्याने उडाली.' तिसरे पटाईत वाचकांसाठी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिथवर कोणी पोचतच नसे.

वर्गाच्या बाईंनी मला बुटांच्या खोक्यातून कापून काढले. म्हणजे आमचे कूळ पायापाशीचे. पण त्याची मी वाच्यता करत नाही. तेव्हापासून लाकडी पेटीत, चमचा आणि जहाज यांच्या पट्ट्यांमध्ये उभी आहे. त्या दोघी निवांत असतात. मला मात्र चैन पडत नाही. पेटीचे झाकण वाजले की धडधडते, आणि नाही वाजले तर जास्तच.

एकेकाळी माझा फार बोलबाला होता. जो तो मलाच उचली. नंतर कळले, माझा एक कोपरा कुणीतरी चघळला होता. तो पाहून मुले मला ओळखत आणि पहिल्या दोन ओळी तोंडपाठ म्हणून मोकळी होत. भिंगरी नावाने ओळखली जाणारी मुलगी यात सगळ्यांच्या वरचढ. एकदा तिने मला उलटे धरून घडाघडा वाचले.

"सरळ धर गं," बाई म्हणाल्या, "पाणी साचेल."

वर्ग हसला. भिंगरी वाचनाच्या परीक्षेत दोनदा अडकली होती. तिसऱ्यांदा अडकली तर पुन्हा नवशिक्यांच्या पहिल्याच रांगेत; आणि त्या रांगेत आता तिचा धाकटा भाऊ येणार होता. ताईला मीच शिकवीन, असे तो घरभर सांगत सुटला होता.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी मलाच काढले. चित्र आणि वरच्या दोन ओळी तळहाताखाली झाकल्या. भिंगरीचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. माझा हलला असता, पण मला पाय नाही. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत निघाली. 'धावताना'पाशी दोनदा ठेचकाळली.

'छत्रीमागे धावताना आजोबा हसत होते, आजी मात्र हसत नव्हती.'

हेही कुणाकडून पाठ करून आलीस का, असे बाईंनी विचारले. भिंगरीचे लक्षच नव्हते.

"बाई, आजी का नव्हती हसत?"

वाक्य बाईंनीच लिहिलेले. तरी त्यांनी तळहात उचलून वरच्या दोन ओळींत कारण शोधले. नुसते पाठ केलेले पोर असे विचारत नाही.

"जा, दुसऱ्या रांगेत बस," त्या म्हणाल्या. "आणि कळलं तर मलाही सांग."

मित्रांनो, आम्हाला जपा, पण पुसून पेटीत ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. शेवटच्या ओळीपर्यंत या आणि काहीतरी विचारा. भिंगरी आता रोज मधल्या सुट्टीत मला काढते, एक नवे कारण सांगते, स्वतःच मान हलवून ते खोडते आणि मला परत ठेवते. कालचे मात्र तिने अजून खोडलेले नाही: आजीलाही धावायचे होते, पण तिला कुणी विचारलेच नाही.