मातीची तार

रेडिओ उकंडानेच आणला होता. बासष्टच्या उन्हाळ्यात पलटणीतून सुट्टीवर येताना त्याने तो नागपूरला घेतला आणि एस.टी.त मांडीवर ठेवून बाभुळगावपर्यंत आणला. तिथून गाव दोन कोस. गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालणारा होता, आणि विटेएवढी ती बॅटरी नेमकी यवतमाळच्या दुकानात संपलेली होती. सुट्टी संपली तरी बॅटरी आली नाही.

"पुढच्या सुट्टीत मीच बसोतो," तो जाताना म्हणाला. "तवरोक कोणाले हात लावू देऊ नको, माय."

तुळसाबाईने लावू दिला नाही. खोका फळीवर ठेवून तिने त्यावर जुनं लुगडं घातलं. शेजारची कांताबाई म्हणायची, "सून आणली काय वं, पडद्यात ठेवाले? तिचं तोंड कवा दाखवशीन?"

"नवरा येईन तवा," तुळसाबाई सांगायची.

हिवाळ्यात तार आली. उकंडाच्या बापाने, बाबारावने ती शाळेच्या मास्तरकडून वाचून घेतली. सीमेवरच्या लढाईनंतर त्यांचा मुलगा बेपत्ता होता. मेला असं लिहिलं नव्हतं, सापडला असंही नव्हतं. पुढे बाजारात बोलणं निघालं की चीनने पकडलेल्या जवानांची नावं रेडिओवर सांगतात. ती ऐकलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. ऐकलेल्याला भेटलेले मात्र पुष्कळ होते. बाबाराव यवतमाळला गेला आणि बॅटरीसकट लालसिंगला घेऊन आला.

लालसिंग जवळच्या तांड्यातला, रेडिओच्या दुकानात कामाला. त्याने छपरावर दोन बांबू उभे केले, त्यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली आणि तिची तार खिडकीतून आत घेतली. मग दुसरी तार उलगडली.

"आता इले अर्थ द्या लागते."

"कायचा अर्थ?" बाबारावने विचारलं.

"अर्थ म्हणजे माती, काकाजी. गड्डा करा, कोळसा-मीठ टाका, तार पुरा. वरून रोज लोटाभर पानी. रेडिओले माती देल्ली का आवाज साफ."

तुळसाबाई चुलीपासून उठली. "का म्हणलं यानं?"

त्यांच्या बौद्धपुऱ्यात माती एकाच कामाला देत. माणूस गेला की 'आज माती हाय' एवढाच निरोप घरोघर फिरे. लोक जात, खड्ड्यात मूठ-मूठ टाकत आणि परत येत.

"माह्या पोराच्या रेडिओले माती देता? थो जिता असताना?"

"बोलाची गोष्ट हाय, माय," लालसिंग म्हणाला. "सारेच देतात."

"देत असतीन. त्यायचे पोरं घरी असतीन."

बाबाराव चिडला. "अवं, आपन दीक्षा घेतली. शकुन-अपशकुन तिथंच सोडले ना? तूच तं देव नदीत टाकले."

"देव टाकले," ती म्हणाली. "पोरगं नाही टाकलं."

उकंडाच्या आधीची दोन बाळं गेली होती. हा झाला तेव्हा तिने त्याला उकंड्यावर, शेणकचऱ्याच्या ढिगावर लोळवलं आणि ढिगाचंच नाव ठेवलं. कचऱ्याकडे मरण पाहत नाही. दीक्षेनंतर बाप म्हणाला होता, नाव बदल. पलटणीत पोरं नावावरून हसतही. त्याने बदललं नाही; मायने ठेवलेलं आहे, म्हणाला.

लालसिंगने ती तार गुंडाळून खुंटीला अडकवली. "बिनमातीचाबी वाजन," तो जाता जाता म्हणाला. "पन पिलेल्या बुढ्यावानी. बोलन लय, समजन थोडं."

तसंच झालं. बॅटरी उतरू नये म्हणून रेडिओ फक्त संध्याकाळच्या बातम्यांना लावत. पुऱ्यातले पाच-सहा जण दारात बसत. कढईत काही तळत असावं अशी खरखर येई आणि तिच्यातून एखादा शब्द वर येऊन परत बुडे. बाबाराव बटण फिरवून थकला. तुळसाबाई रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला कान लावून बसे.

एकदा ती ताठ झाली. "उकंडा म्हणला."

"कोन म्हणला?"

"थो बोलनारा. उकंडा म्हणला, मंग आवाज गेला."

बाबारावने ऐकलं नव्हतं. कांताबाईनेही नव्हतं, पण ती म्हणाली, "म्हणला असंन वं." त्यानंतर तुळसाबाईला ते नाव आणखी दोनदा ऐकू आलं. प्रत्येक वेळी पुढचं खरखरीत गेलं. ती जेवू लागली. उकंडाचं अंथरूण तिने उन्हात घातलं.

पकडलेले जवान परत येऊ लागल्याचं मे महिन्यात बाजारात कळलं. रेडिओतून 'तुकडी', 'सीमा' असे तुकडे येत. एक दिवस तुळसाबाईने स्वतःच खुंटीवरची तार काढली.

"साफ आयकू येईन ना?" तिने विचारलं. "कोठी हाय, कवा येतो, थे पुरं आयकाचं हाय."

न्हाणीजवळची जमीन नेहमी ओली असे. बाबारावने तिथे खड्डा केला. तिने कोळसा टाकला, मीठ टाकलं. त्याने तार खाली सोडली आणि फावडं घ्यायला वळला, तोवर तिने पहिली मूठ टाकली होती. पाहायला आलेली कांताबाई वाकली, तिनेही सवयीने मूठ भरली, मग ती मूठ तशीच धरून उभी राहिली.

संध्याकाळी खरखर नव्हती. माणूस खोलीत बसून बोलावा तसा आवाज आला. चीनने पकडलेल्या जवानांची शेवटची तुकडी भारतात परत आली होती. नावं सांगितली नाहीत. त्यानंतर हवामान सांगितलं.

"पुढं?" तुळसाबाई म्हणाली.

"झाल्या बातम्या," बाबाराव म्हणाला आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आवाज साफ होता, तिसऱ्या दिवशीही. उकंडाचं नाव त्यात नव्हतं. पुऱ्यातले लोक येईनासे झाले. पलटणीकडून काही आलं नाही, उकंडाही आला नाही. एका संध्याकाळी बाबाराव फावडं घेऊन न्हाणीपाशी गेला.

"तार काढतो," तो म्हणाला. "पयल्यावानी वाजू दे. तवा तुले आयकू तं येत होतं."

तुळसाबाई भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू द्या. माती देल्यावर काढत नसतात."

पावसाळ्यात बॅटरी उतरली. नवी कोणी आणली नाही. रेडिओ फळीवर गेला आणि त्यावर तेच लुगडं पडलं. तुळसाबाई मात्र रोज सकाळी न्हाणीजवळच्या त्या जागेवर लोटाभर पाणी ओतत असे.