माकडांच्या वाटेवरचा पाइप

मित्रांनो, जरा मान वर करा. रस्त्याच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत मळकट पट्टा ताणलेला दिसतो ना, तोच मी. मी एक जुना, आग विझवणाऱ्या बंबावरचा पाइप आहे. बारा वर्षं आगींशी झुंजलो, शाबासकी मिळवली. मग अंगाला चिरा पडल्या आणि रवानगी थेट अडगळीत. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

तिथून मला वनरक्षक ताईंनी मागून आणलं. त्यांच्या जंगलात रुपेरी शेपटीची माकडं राहतात. जगात आता फार थोडी उरलीत. ही जात जन्मभर झाडांवर राहणारी. पण जंगलातून रस्ता गेला, फांद्या तुटल्या आणि बिचाऱ्यांना पलीकडच्या फळांसाठी डांबरावर उतरावं लागलं. एका वर्षात तीन माकडं गाड्यांखाली गेली. कळपात उरली अकरा आणि एक तान्हं पिल्लू. पिल्लाच्या आईला ताई ‘जाऊबाई’ म्हणायच्या, कारण कळपात चालायचं तिचंच.

माझा पूल करायला ताईंनी विजेच्या खांबांवर चढणाऱ्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी मला जिथे शिडीची गाडी नीट उभी राहिली, तिथेच बांधलं. महिनाभर एकही माकड फिरकलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई, तुमच्या माकडांना अक्कलच नाही,” दादा म्हणाले.

“अक्कल आपल्याला नाही, दादा. त्यांची वाट त्या वाकड्या झाडावरून जाते. आपण पूल आपल्या सोयीनं बांधलाय की हो!”

दादांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी कमरेला दोर बांधून ते स्वतः वाकड्या झाडावर चढले आणि मला तिथे बांधलं.

आठवड्याभरात जाऊबाई आल्या, पिल्लू पोटाशी धरून. मला हुंगलं, चावून पाहिलं, गदागदा हलवलं. खालून ट्रक धडधडत गेला. आगीला न घाबरलेला मी थरथरलो, पण त्या नाही! काय ती छाती, काय तो तोल! भरभर पलीकडे गेल्या आणि वळून कळपाला हाक दिली. मग एकामागून एक सगळे आले. खाली ताई रडत होत्या आणि दादा ओरडत होते, “आलं हो, शेवटचंही आलं!”

त्याला सहा वर्षं झाली. कळप आता एकवीसचा आहे. पण ताईंची बदली झाली आणि दरवर्षी माझ्या गाठी तपासायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. वाकड्या झाडाकडचा माझा दोर झिजलाय. मित्रांनो, मला माझी काळजी नाही, मी आपला पुन्हा अडगळीत जाईन. पण मी रिकामा असताना तुटणार नाही. अंगावर भार असेल, तेव्हाच तुटेन. कुणीतरी लवकर वर चढा रे.